रोजच्या वाटणीत कोण सुटले?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७, अनुवाद २४:१७-२२

यरुशलेमेतील पहिल्या मंडळीचे वर्णन वाचताना आपले मन हरखून जाते. विश्वासणारे एकदिलाने राहत होते. ज्यांच्याजवळ जमिनी व घरे होती ते ती विकून पैसा प्रेषितांच्या चरणी ठेवीत होते. बर्णबाने आपले शेत विकले. त्यांच्यामध्ये कोणी गरजवंत उरला नव्हता, असे लूक चौथ्या अध्यायात नमूद करतो. आणि सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तोच लूक आपल्याला सांगतो की, रोजच्या वाटणीत काही विधवांची उपेक्षा होत होती.

ही गोष्ट लूकला झाकून ठेवता आली असती. मंडळीचा इतिहास लिहिणाऱ्या पुष्कळांनी पुढे तसे केलेही. पण पवित्र शास्त्र आपल्या माणसांची लाज राखण्यासाठी सत्य लपवीत नाही. जेथे प्रेम होते, औदार्य होते, पवित्र आत्म्याचे सामर्थ्य होते, तेथेही वाटणीत माणसे सुटली.

कोण सुटले? हेल्लेणी विधवा. म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या यहुदी स्त्रिया. परदेशी वसलेली पुष्कळ यहुदी कुटुंबे उतारवयात यरुशलेमेस येऊन राहत, असे अभ्यासक मानतात. पती निवर्तला की अशा स्त्रीला तेथे ना भाऊबंद, ना शेजारपाजारचा जुना आधार. गावची भाषा अरामी, हिच्या तोंडी ग्रीक. वाटप करणारे इब्री. त्यांनी मुद्दाम कोणाला वगळले, असे लूक म्हणत नाही. ज्यांची घरे ठाऊक, ज्यांची नावे तोंडात बसलेली, त्यांच्यापर्यंत शिधा पोहोचला. ज्यांची हाक समजली नाही, त्या राहून गेल्या. मूळ ग्रीक क्रियापदाचा काळ येथे लक्षात घेण्याजोगा आहे. एकदा घडलेली चूक तो सांगत नाही. ‘उपेक्षा होत राहिली होती’ असा त्याचा भाव आहे. आज एक दिवस, उद्या दुसरा, आणि कोणाच्या ध्यानात येऊ नये अशा रीतीने तीच रीत होऊन बसते.

‘कुरकुर’ या शब्दाकडेही पाहा. रानात इस्राएल लोकांनी मोशेविरुद्ध जी कुरकुर केली तिच्यासाठी जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात जो शब्द आहे, तोच लूकने येथे घातला आहे. तेथे ती कुरकुर अविश्वासाची होती. येथे मात्र प्रेषित कोणालाही दटावीत नाहीत. ‘मिळते त्यात समाधान माना’ असा उपदेश करीत नाहीत. तक्रार खरी आहे असे धरून ते सर्व शिष्यगणाला बोलावतात. मंडळीचा मोठेपणा तक्रार नसण्यात नाही, तक्रार ऐकण्यात आहे, हे या उताऱ्यातून आपण पहिल्यांदा शिकावे.

प्रिय वाचकहो, या वचनांच्या उजेडात मी आज आपणांस तंजावूरला घेऊन जाणार आहे. कावेरीच्या खोऱ्यातील या नगराशी मराठी माणसाचा जुना संबंध आहे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी तेथे स्थापिलेले भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आजही वाचावयास मिळतो. आणि आपणा ख्रिस्ती लोकांना ते नगर प्रिय आहे ते क्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ या मिशनऱ्यामुळे. १७५० मध्ये तो तरंगंबाडीस उतरला आणि १७९८ मध्ये तंजावुरास देह ठेवीपर्यंत स्वदेशी परत गेला नाही.

हैदर अलीच्या स्वारीत, १७८१ च्या सुमारास, तंजावूरचा किल्ला उपासमारीच्या कड्यावर येऊन ठेपला होता. बाहेर मुलुखात धान्य होते, पण ते आत आणण्यास बैल नव्हते आणि बैल देण्यास रयत तयार नव्हती. पूर्वी माल नेला गेला होता आणि दाम मिळाले नव्हते. राजा तुळजाजीच्या शब्दावर कोणाचा भरवसा उरला नव्हता, कंपनीच्या शब्दावरही नाही. तेव्हा राजानेच सुचविले की, लोक श्वार्ट्झवर विश्वास ठेवतात का ते पाहावे. श्वार्ट्झने पैसे चुकते करण्याची हमी दिली. दोन-तीन दिवसांत सुमारे एक हजार बैल जमा झाले आणि ८०,००० कलम धान्य किल्ल्यात आले. श्वार्ट्झने प्रत्येकाचे पैसे चुकते केले आणि त्यांना घरी लावून दिले. शिवाय स्वस्ताई असताना त्याने तांदूळ साठवून ठेवला होता. त्यातून उपाशी लोकांना महिनोन्‌महिने अन्न मिळाले. योसेफाची कथा त्याने नुसती सांगितली नाही, ती कोठारात उतरविली.

या प्रसंगाचा बोध काय? भूक नेहमी धान्याच्या अभावानेच पडते असे नाही; पुष्कळदा ती विश्वासाच्या अभावाने पडते. दुर्बलांच्या आधाराची कोणतीही व्यवस्था, मग ती राजाची असो, सरकारची असो की मंडळीची, शेवटी दिलेल्या शब्दावर उभी असते. प्रेषितांनी सात माणसे निवडण्यास सांगितली तेव्हा पहिली अट कोणती घातली? ती माणसे प्रतिष्ठित, म्हणजे लोकांनी ज्यांच्याविषयी चांगली साक्ष दिली आहे अशी असावीत.

तुळजाजीने १७८७ मध्ये मरणापूर्वी आपला दत्तक पुत्र सरफोजी याला श्वार्ट्झच्या हाती सोपविले. हा मुलगा पुढे राजा झाला. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि आपण ते झाकूनही ठेवू नये. परंतु आपल्या गुरूसाठी त्याने संगमरवरी स्मारक करवून घेतले. ते तंजावूरच्या किल्ल्यातील चर्चमध्ये आहे. समाधीसाठी त्याने स्वतः इंग्रजीत ओळी रचल्या आणि त्यांत श्वार्ट्झला अनाथांचा पिता व विधवांचा आधार म्हणून गौरविले. अनाथ आणि विधवा! अनुवादाच्या पुस्तकातील नेमके हेच शब्द या राजाला आपल्या गुरूसाठी सुचावेत, ही लहान गोष्ट नव्हे.

सरफोजीराजांनी १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या स्वाधीन केला. पण एका गोष्टीविषयी त्यांचा जीव तुटत होता. ती गोष्ट म्हणजे त्यांच्या घराण्याने चालविलेली छत्रे. आपण मराठीत अन्नसत्र म्हणतो, अन्नछत्रही म्हणतो. तमिळ लोक ‘चत्तिरम्’ म्हणतात. रामेश्वराच्या वाटेवर ही छत्रे बांधलेली होती आणि त्यांच्या खर्चासाठी गावे व जमिनी लावून दिलेल्या होत्या. १८०२ मध्ये ओरत्तनाडू येथे उभारलेले मुक्तांबाळ छत्र त्यांतील विशेष प्रसिद्ध. त्याच सुमारास, १८०१ मध्ये, सरफोजीराजांनी कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहून या छत्रांना धक्का लावू नये अशी विनंती केली आणि तेथे काय चालते याचे सविस्तर वर्णन दिले.

त्या वर्णनाचा सारांश असा : ब्राह्मणापासून परय्यापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, येईल त्या वाटसरूला भात मिळे. ज्याला शिजविलेले अन्न चालत नसे त्याला कोरडा शिधा मिळे. आजारी पडला तर वैद्य, औषध आणि बरा होईपर्यंत मुक्काम. गरोदर स्त्रीची बाळंतपणाची सोय, आणि प्रसूतीनंतर तीन महिने राहण्याची मुभा. तान्ह्या मुलांना दूध. परक्या मुलुखातील वाटसरू मरण पावला तर त्याचा अंत्यविधी, आणि मागे राहिलेल्या अनाथ मुलांचा सांभाळ व शिक्षण. आणि या सर्वांवर कळस म्हणजे पुढील रीत. अन्नाची वाटणी सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवीत आणि पुकारा करीत की, ज्यांना अद्याप अन्न मिळाले नसेल त्यांनी यावे. त्यांच्या वाट्याचा भात ठेवला आहे.

त्या घंटेपाशी आपण थोडे थांबू या. दिवसभर वाढून वाढणाऱ्यांचे हात थकले असतील. ‘शेकडो जेवले’ असा हिशेब मोडी कागदावर मांडून दिवे मालविता आले असते. पण व्यवस्थेने स्वतःलाच एक प्रश्न विचारण्याची सक्ती करून घेतली होती : कोण राहिले? किती जणांना दिले हे मोजणे सोपे आहे. कोण राहिले हे शोधण्यासाठी अंधारात हाक मारावी लागते. यरुशलेमेच्या मंडळीत नेमकी ही घंटा नव्हती. विधवांनाच कुरकुर करावी लागली.

परंतु सत्याची दुसरी बाजू सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. छत्रात सर्वांना भात मिळे, पण जातीजातींची पंगत एक नव्हती. आणि तो भात ज्याच्या घामातून पिकत होता तो कावेरीच्या खोऱ्यातील शेतमजूर, ज्याला तेथे ‘पण्णैयाळ’ म्हणतात, तो पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या शेताला बांधलेला होता. वाटसरूसाठी छत्र होते. घरच्या गड्यासाठी नव्हते. १९५२ मध्ये मद्रास सरकारला तंजावुरातील कुळे व पण्णैयाळ यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच त्यांच्या स्थितीची कल्पना यावी. आणि २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, आपण चर्चमधून येऊन नाताळचा फराळ करीत होतो त्या रात्री, त्या वेळच्या तंजावूर जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावी मजुरीच्या तंट्यातून दलित शेतमजुरांची वस्ती पेटविली गेली. एका झोपडीत आसऱ्याला गेलेली ४४ माणसे जळून मेली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. भाताचे कोठार म्हणविणाऱ्या प्रांतात भात पिकविणाऱ्यांनी थोडी अधिक मजुरी मागितली होती, एवढाच त्यांचा अपराध.

म्हणून दानधर्म आणि न्याय यांतील भेद आपण नीट ओळखावा. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात परमेश्वर शेतकऱ्याला आज्ञा करतो की, शेतात विसरलेली पेंढी घेण्यास परत जाऊ नकोस. जैतुनाची झाडे दुसऱ्यांदा झोडपू नकोस. द्राक्षमळ्याचा सरवा वेचू नकोस. ते उपऱ्याचे, अनाथाचे व विधवेचे आहे. येथे ‘वाटल्यास दे’ असे म्हटलेले नाही. तो त्यांचा हक्क आहे, आणि मालकाच्या दयेची परीक्षा पाहण्याची गरज नाही. शिवाय कारण पाहा. ‘त्यांची कीव कर’ हे कारण दिलेले नाही. तू मिसरात दास होतास याची आठवण ठेव, हे कारण दिले आहे. जो स्वतः एकदा तळाशी होता त्याने तळाशी असलेल्यासाठी नियम करावा, ही देवाची रीत आहे. मवाबी रूथ बेथलेहेमात आली तेव्हा बवाजाच्या चांगुलपणाआधी हाच नियम तिच्या पाठीशी उभा होता.

‘उपरा’ हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये आपल्या भटक्या जिण्याची कहाणी याच नावाने लिहिली. ज्याला गाव नाही, त्याला कागद नाही. ज्याला कागद नाही, त्याला शिधा नाही. आजच्या काळातील हेल्लेणी विधवा कोठे सापडतील असे कोणी विचारले, तर मी म्हणेन, दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातून निघणाऱ्या बैलगाड्या, ट्रक आणि ट्रॅक्टर पाहा. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोची जोडी मुकादमाच्या हिशेबात एक ‘कोयता’ असते. उचल नवऱ्याच्या नावावर. बाईचे नाव हिशेबात येतच नाही. ती गरोदर असली तरी फडात उभी राहते, कारण खाडा झाला तर पैसे कापले जातात. संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रीला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी बाळंतरजा मिळू लागली आणि ते योग्यच झाले. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या छत्रात वाटसरू बाळंतिणीला जे तीन महिने मिळत, ते या कोयत्याला आजही मिळत नाहीत. यावर आपण चिंतन करावे.

आपल्या देशात काही चांगले घडले नाही असे मात्र कोणी समजू नये. तमिळनाडूत कामराज यांनी १९५६ मध्ये शाळांतून दुपारचे जेवण सुरू केले, १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा मोठा विस्तार केला, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शाळेतील शिजविलेले अन्न देशभरच्या मुलांचा हक्क झाला. महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या विचारातून, १९७२ च्या दुष्काळाच्या झळीत, रोजगार हमी योजना आकारास आली. तिच्यासाठी १९७५ पासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. शहरातील कारकुनाने खेड्यातील मजुराच्या कामासाठी दरमहा काही रुपये द्यावेत, यात मला बर्णबाच्या शेताची अंधूक छाया दिसते. तथापि, जगाचा हिशेब अजून अपुरा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगातील ५२.४ टक्के लोकांना सामाजिक संरक्षणाचा किमान एक तरी लाभ मिळत होता. म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक जेवले. घंटा वाजविण्याची वेळ अद्याप गेलेली नाही.

येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो. पैसा मर्यादित आहे. मग जो गरीब नाही त्याला का द्यावे? खरा गरजू शोधून त्यालाच दिले तर काय बिघडले? याच विचाराने १९९७ मध्ये केंद्र सरकारने शिधापत्रिकांची दारिद्र्यरेषेच्या वर व खाली अशी विभागणी केली. तमिळनाडूने मात्र धान्यदुकान सर्वांसाठी खुले ठेवले. आक्षेप पोकळ नाही. खजिना सर्वत्र सारखा भरलेला नसतो. परंतु चाळणी बारीक केली की गळतो कोण? ज्याची ओळख आहे, ज्याला अर्ज लिहिता येतो, तो सहसा गळत नाही. गळतो तो घर बदलणारा, अक्षरशत्रू, एकटा, अपंग. ज्याच्या श्रमाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र ओळखत नाही तो म्हातारा. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील निदणाचा दाखला शिध्याविषयी नाही हे मी जाणतो. तरीही त्यातील धन्याची चिंता कोणती ते पाहा : निदण उपटताना गहू उपटला जाईल. दोन चुकांपैकी एक पत्करणे भाग असेल, तर आपला धनी कोणती पत्करील, याचे उत्तर त्या चिंतेत आहे.

आता दृष्टी आपल्या अंगणाकडे वळवू या. आपल्या मराठी भाषांतरात प्रेषितांच्या तोंडी ‘पंक्तिसेवा’ हा शब्द आहे. भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्याला या शब्दाची धार जाणवल्यावाचून राहत नाही, कारण आपल्या भाषेत पंक्तीला लागून ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्दही चालत येतो : एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला ताक. मूळ ग्रीकमध्ये वाटणीची सेवा आणि वचनाची सेवा या दोहोंना एकच शब्द आहे. व्यासपीठावरची सेवा श्रेष्ठ आणि पंगतीतली कनिष्ठ, असा भेद लूक करीत नाही.

तंजावूरच्या मंडळीतही पंक्तिप्रपंच शिरला होता. श्वार्ट्झच्या पश्चात तेथील ख्रिस्ती लोक उपासनेत जातवार निरनिराळे बसत. वेदनायकम् शास्त्री हे सरफोजीचे सहाध्यायी, मोठे भक्त आणि कवी. पण त्यांनीही जातीची ही रीत उचलून धरली. बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये मंडळीतून जातिभेद काढून टाकण्याचा हुकूम केला तेव्हा पुष्कळांनी मंडळी सोडणे पत्करले. सरफोजीच्या छत्राला दोष देण्यापूर्वी आपण प्रभूच्या मेजाकडे पाहावे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती बांधवांना सवलतींतून वगळले आणि ते गाऱ्हाणे आपण सरकारच्या दारी मांडतो. ते रास्त आहे. परंतु दुसऱ्याच्या वाटणीत आपण सुटलो म्हणून रडणाऱ्याने आपल्या वाटणीत कोण सुटले हेही विचारले पाहिजे.

मग करावे काय? यरुशलेमेने काय केले ते पाहा. निवडलेल्या सातांची नावे वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सर्व नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटणी सोपविली गेली. इब्री लोकांनी आपल्यातीलच आणखी सात चांगली माणसे नेमून अधिक काळजी घेण्याचे आश्वासन दिले असते, तर तेही दान ठरले असते. त्यांनी अधिकार दिला. आपल्या मंडळीच्या साहाय्य निधीवर, संस्थेच्या पंच मंडळावर, गावच्या समितीवर विधवा किती आहेत? मजूर किती आहेत? दुसरी भाषा बोलणारे किती आहेत? त्यांच्यासाठी ठरविणारे पुष्कळ असतात. त्यांच्यासह ठरविणारे थोडे.

आणि प्रत्येक मंडळीत दोन माणसे तरी अशी असावीत की, ज्यांचे काम सुटलेल्यांची यादी ठेवण्याचे असेल. कोणत्या आजीचे निवृत्तिवेतन हयातीच्या दाखल्यावाचून अडले? कोणत्या घराची शिधापत्रिका गाव सोडल्यामुळे निरुपयोगी झाली? कोणत्या अपंग मुलाला प्रमाणपत्रासाठी तालुक्याच्या फेऱ्या पडतात? त्यांच्याबरोबर कचेरीच्या बाकावर तासभर बसणे हीसुद्धा पंक्तिसेवा आहे. ही यादी मंडळीच्या नोंदवहीपुरती नसावी. गलतीकरांस पत्रात पौल विश्वासाच्या घराण्याचा विशेष उल्लेख करतो, पण त्याआधी सर्वांचे बरे करण्यास सांगतो.

सात जण नेमले गेल्यावर काय झाले, ते सातव्या वचनात आहे. देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला आणि शिष्यांची संख्या फार वाढली. वाटणी न्यायाची झाली आणि वचनाला वाट मोकळी झाली. ज्या नगरात विधवा उपाशी राहत होती तेथे प्रेषितांचा संदेश अडखळत होता, असे लूक स्पष्ट म्हणत नाही. पण ही दोन वचने त्याने शेजारी ठेवली आहेत आणि समजणाऱ्याने समजावे.

हे सर्वांच्या पित्या, तू पाखरांना चारा देतोस आणि एकीलाही विसरत नाहीस. आमच्या घरातून, मंडळीतून व देशातून कोण उपाशी निजले हे आम्हांला दाखीव. ज्यांची हाक आम्हांला समजत नाही त्यांची भाषा आम्हांला शिकव. रात्र झाली, हात थकले, तरी दार लावण्यापूर्वी एकदा घंटा वाजविण्याचे स्मरण आम्हांला दे. जो स्वतः आमच्या पंगतीत सेवक होऊन वाढीत राहिला, त्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.